रीतीचे गुण



उद्यमबागेतील एका फौंड्रीचे मालक २०२१ साली माझ्याकडे आले, तेव्हा त्यांची निविदा एका केंद्रीय उपक्रमाने तिसऱ्यांदा नाकारली होती. माल चोख, तपासणीचे दाखले मात्र जोडलेले नव्हते. बयाण्यासाठी ते दरवेळी कर्ज काढीत. २०१२ च्या सार्वजनिक खरेदी धोरणाने सूक्ष्म व लघु उद्योगांना बयाणा माफ केला आहे, हे त्यांना ठाऊकच नव्हते. आम्ही उद्यम नोंदणी केली, दाखले क्रमाने लावले. चौथी निविदा पात्र ठरली. दर मोठ्या कारखान्याहून अधिक, पण १५ टक्क्यांच्या आत होता. न्यूनतम दर स्वीकारून त्यांना २५ टक्के पुरवठा मिळाला.

ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, ते गुरुजी उत्तर बरोबर असूनही रीत न लिहिल्यास गुण कापीत. तेव्हा राग येई. लहान उद्योजकाला भांडवलाइतकाच ती रीत शिकविणारा कोणी हवा असतो, हे आज कळते.