महाविद्यालयांतील लोकपरंपरा

लोककथा, रूढी, सणवार हे शब्द कानांवर पडले कीं आपल्या डोळ्यांपुढें खेडें उभें राहतें. जात्यावरची ओवी, पारावरचा म्हातारा, भोंडल्याचा फेर. शहरांतील महाविद्यालय मात्र कोणालाच आठवत नाहीं. विल्यम थॉम्स या इंग्रज गृहस्थांनीं १८४६ सालीं ‘फोकलोअर’ हा शब्द प्रचारांत आणला, तेव्हां त्यांचेंही लक्ष मागें पडत चाललेल्या जुन्या चालीरीतींकडेच होतें. पुढें विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत अ‍ॅलन डंडीस या अमेरिकन अभ्यासकांनीं या कल्पनेला निराळें वळण दिलें. ज्यांच्यांत एखादी तरी गोष्ट समान आहे आणि ज्यांना आपल्या म्हणून कांहीं परंपरा आहेत, असा कोणताही समूह म्हणजे ‘लोक’, असें त्यांनीं मांडलें. या मापानें पाहिलें तर एका वसतिगृहांत राहणारीं शंभर मुलेंही ‘लोक’च ठरतात.

मी शाळामास्तर, माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. महाविद्यालयाची पायरी विद्यार्थी म्हणून मीं कधीं चढलेली नाहीं. परंतु हाताखालून गेलेलीं मुलें सुटींत भेटावयास येतात, आणि त्यांच्या बोलण्यांत जें आढळलें तें थोडेंसें आपणांपुढें ठेवतों.

परीक्षेपासून आरंभ करूं. घरून निघतांना तळहातावर दहींसाखर पडते, हें सर्वांस ठाऊक आहे. पण परीक्षागृहाच्या दाराशीं क्षणभर उभें राहून ऐकावें. “अभ्यास झाला का?” या प्रश्नाला वर्गांतील पहिला मुलगासुद्धां “छे, कांहींच झालें नाहीं!” असेंच उत्तर देतो. याला नुसता खोटेपणा म्हणतां येणार नाहीं. तान्ह्या मुलाच्या गालावर आई काजळाची तीट लावते, त्याच जातीचा हा प्रकार आहे. चांगलें तें उघडें दाखवूं नये, दृष्ट लागते, ही आजीची समजूत नातू रसायनशास्त्राच्या पेपरापूर्वीं इमानानें पाळीत असतो.

कथांचेंही तसेंच. परीक्षेंत ‘धैर्य म्हणजे काय?’ असा प्रश्न आला; एका विद्यार्थ्यानें ‘हेंच तें’ एवढेंच लिहून उत्तरपत्रिका परत केली, आणि परीक्षकांनीं त्याला पूर्ण गुण दिले! ही हकीकत तिघांनीं मला तीन निरनिराळ्या महाविद्यालयांत घडली म्हणून सांगितली, आणि तिघांच्याही मतें तो विद्यार्थी त्यांच्या पुढें दोनच वर्षें होता. बिरबलाच्या गोष्टी अशाच गांवोगांव फिरत आल्या. ती कोठें घडली हें शोधण्यापेक्षां ती पुनःपुन्हां कां सांगितली जाते, हें पाहावें. परीक्षकापुढें नेहमीं दुबळा ठरणारा विद्यार्थी त्या गोष्टींत एकदां तरी जिंकतो!

सणही तेथें वेष पालटून नांदतात. खंडेनवमीला शस्त्रें पुजावयाचीं. अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या कार्यशाळेंत त्या दिवशीं लेथ यंत्राला झेंडूची माळ चढते. ऑगस्टच्या पहिल्या रविवारीं मुलें मैत्रीदिन म्हणून एकमेकांच्या मनगटांवर रंगीत फिती बांधतात. हा दिवस परदेशांतून आला खरा, परंतु राखी बांधून घेणाऱ्या मनगटाला तो परका वाटला नाहीं. पुण्यांत १९६३ पासून महाविद्यालयांची पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धा होत आली आहे. तेथें “आवाज कुणाचा?” ही आरोळी उठते. ती कोणत्याही पाठ्यपुस्तकांत नाहीं. लेझमीचा ठेका जसा शेजारच्याकडे पाहून उचलावयाचा, तशीच नवा विद्यार्थी ती जुन्याकडून उचलतो.

माझ्या एका विद्यार्थिनीनें सांगितलेली चाल मला सर्वांत गोड वाटली. दिवाळीची सुटी संपली कीं वसतिगृहांत फराळाचे डबे येतात. तिच्या मजल्यावर डबा कोणाचाही असो, पहिला लाडू त्या मुलीच्या हातीं जातो, जिला गांव दूर म्हणून किंवा गाडीभाडें जमलें नाहीं म्हणून सुटींत तेथेंच राहावें लागलें. हा नियम कोणीं घातला, कोणास ठाऊक नाहीं. मोडलेला मात्र कोणीं पाहिलेला नाहीं.

परंतु परंपरेची दुसरीही बाजू आहे, आणि ती सांगितल्यावांचून हें भाषण अपुरें राहील. माझा एक हुशार विद्यार्थी पहिल्याच महिन्यांत वसतिगृह सोडून घरीं परतला. वरच्या वर्गांतील मुलांनीं त्याला रात्रभर भिंतीकडे तोंड करून उभें ठेविलें होतें. कारण विचारतां उत्तर मिळालें, “ही आमची परंपरा आहे!” अशा छळाविरुद्ध महाराष्ट्रांत १९९९ सालीं कायदा झाला, त्यांत दोन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे. २००९ सालीं विद्यापीठ अनुदान आयोगानेंही नियम केले. कायदा हवाच. परंतु रात्रीं दोन वाजतां वसतिगृहाच्या खोलींत कायद्याच्या आधीं पोंचते ती रूढी; म्हणून ती कोणत्या जातीची आहे हें पारखलें पाहिजे.

पारख करण्यास मोठी विद्वत्ता लागत नाहीं. जी चाल दाराशीं बावरून उभ्या असलेल्या नवख्याला आंत घेते, ती जुनी असो वा कालची, जपावी. जी त्याला हिणवून बाहेर ठेवते, ती शंभर वर्षांची असली तरी टाकावी. लाडू आणि भिंत, दोन्ही एकाच छपराखालीं असतात.

तेव्हां गृहस्थहो आणि गृहिणींनो, मुलें सुटींत घरीं आलीं म्हणजे केवळ गुणांची चौकशी करूं नका. तुमच्याकडे नव्या मुलाचें स्वागत कसें होतें, कोणत्या गोष्टी सांगतात, सणाला कोण एकटें राहतें, हेंही विचारा आणि एका वहींत टिपून ठेवा. त्या वहींत एखादी जुनी ओळखीची रीत नव्या वेषांत भेटेल. क्वचित् मुलाच्या मनांत दडून राहिलेलें दुःखही त्याच प्रश्नानें बाहेर येईल, आणि तें वेळेवर आलेलें बरें.