दोन्ही वॉर्डांचा डॉक्टर



इंटर्नशिप चालू असलेली मुलं-मुली अमेरिकेतल्या रेसिडेन्सीची चौकशी करायला माझ्याकडे येतात. त्यातल्या एखाद्याचा प्रश्न ठरलेला असतो. ‘सर, मला मेडिसिनही आवडतं आणि पेडियाट्रिक्सही. तिकडे दोन्ही एकत्र करता येतं म्हणे. अर्ज करू का?’ येतं, खरं आहे. १९६७ पासून तिथे ही सोय आहे. ‘मेड-पीड्स’ म्हणतात तिला. नुसतं मेडिसिन करायला तीन वर्षं लागतात, नुसतं बालरोग करायलाही तीन; इथे दोन्ही मिळून चार. दोन वर्षं मोठ्यांत, दोन लहानांत, आणि शेवटी दोन्ही मंडळांच्या परीक्षा वेगवेगळ्या द्यायच्या. पण ‘दोन्ही आवडतं’ एवढ्या भांडवलावर अर्ज करू नकोस, असं मी त्याला सांगतो. एखादा तोंड पाडतो. म्हणून जरा सविस्तर बोलायला हवं.

या शिक्षणाची खरी गरज कुठे आहे ते बघा. १९४४ च्या नोव्हेंबरात बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात एका ‘निळ्या’ बाळावर शस्त्रक्रिया झाली. हृदयाच्या जन्मजात दोषामुळे अंगाला पुरेसा प्राणवायू मिळत नाही आणि बाळ निळं पडतं. कल्पना बालहृदयरोगतज्ज्ञ हेलन टॉसिग यांची, सुरी आल्फ्रेड ब्लॅलॉक यांच्या हातात, आणि त्यांच्या पाठीशी उभं राहून टाका कसा घालायचा ते सांगणारे विव्हियन थॉमस. त्या काळी अशी मुलं फार जगत नसत. पुढे शस्त्रक्रिया सुधारत गेल्या. मुलं शाळेत गेली, नोकरीला लागली, त्यांची लग्नं झाली. आज अमेरिकेत जन्मजात हृदयदोष असलेल्यांत मुलांपेक्षा मोठी माणसंच जास्त आहेत. सिस्टिक फायब्रोसिस या जन्मजात आजाराचंही तेच. एकेकाळी ही मुलं शाळेचं तोंड बघण्याआधीच जात. आता तिथल्या रुग्णांत निम्म्याहून अधिक प्रौढ आहेत.

आता असा आजार घेऊन मोठा झालेल्या माणसाने जायचं कुठे? बालरोगतज्ज्ञाला त्याचा आजार जन्मापासून पाठ आहे, पण चाळिशीतल्या रक्तदाबाची त्याला सवय नाही. फिजिशियनला रक्तदाब, मधुमेह तोंडपाठ, पण तान्हेपणी केलेली शस्त्रक्रिया त्याने पुस्तकातच वाचलेली. सिकलसेल या रक्ताच्या जन्मजात आजाराच्या रुग्णांत बालरोग विभाग सोडल्यानंतरच्या थोड्याच काळात मृत्यू वाढलेले अमेरिकेत अभ्यासकांना आढळले. आपल्याकडे विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेल घरोघरी ठाऊक आहे, आणि बऱ्याच सरकारी रुग्णालयांत बालरोग वॉर्डाचं दार बाराव्या वर्षीच बंद होतं. तेव्हा हे दुखणं फक्त अमेरिकेचं समजू नका.

ओपीडीतलं एक नेहमीचं दृश्य सांगतो. लहानपणापासूनचा आजार असलेली एकोणीस वर्षांची मुलगी, शेजारी आई. डॉक्टर मुलीला विचारतात, ‘कुठल्या गोळ्या चालू आहेत?’ उत्तर आई देते. पर्समधून चार घड्या घातलेली चिठ्ठी काढते, सकाळची कोणती, रात्रीची कोणती, सगळं सांगते. मुलगी मोबाइलवर. लहानपणापासून असंच चालत आलंय, तिला वावगं वाटत नाही. जाणता डॉक्टर आईला म्हणतो, ‘ताई, तुम्ही दहा मिनिटं बाहेर बसता का?’ आणि खुर्ची मुलीकडे वळवतो. पहिली पाच मिनिटं ती काही बोलत नाही. मग कळतं, की रात्रीची गोळी ती गेले कित्येक महिने घेतच नाहीये.

अर्जात आणि मुलाखतीत ‘दोन्ही का?’ हा प्रश्न येतोच. त्याचं उत्तर अशा रुग्णापाशी असतं. ‘मला ठरवता येत नव्हतं’ हे उत्तर निवड समितीने शंभर वेळा ऐकलेलं असतं आणि त्यावर त्यांना एकच शंका येते: एक ना धड, भाराभर चिंध्या. ही शंका फोल नाही. तीन-चार महिन्यांनी वॉर्ड बदलतो. तान्ह्या बाळाची नाडी मिनिटाला १३० पडली तर कोणी मान वर करत नाही. साठीच्या माणसाची पडली की धावाधाव. लहान मुलाला पॅरासिटॅमॉल किलोमागे १५ मिलिग्रॅम मोजून द्यायचं, मोठ्याला सरळ पाचशेची गोळी. शुक्रवारी एक डोकं, सोमवारी दुसरं. हे आनंदाने करणारे असतात, पण थोडे.

जागाही थोड्याच. मेडिसिनच्या दहा हजारांहून जास्त, बालरोगाच्या तीन हजारांच्या आसपास, मेड-पीड्सच्या जेमतेम चारशे. त्यातल्या बहुतेक अमेरिकेतच शिकलेल्यांना जातात. आपल्याकडून जाणाऱ्याला आधी तिथल्या परवान्याच्या परीक्षा आणि परदेशात शिकलेल्या डॉक्टरांना लागणारं ईसीएफएमजीचं प्रमाणपत्र, शिवाय तिथल्या रुग्णालयात काम केल्याची दोन्ही विभागांतली शिफारसपत्रं. एकाच बाजूची पत्रं जोडलेला अर्ज लंगडाच. त्या परीक्षांच्या पहिल्या टप्प्याला, म्हणजे स्टेप वनला, २०२२ पासून गुण मिळत नाहीत, नुसतं उत्तीर्ण-अनुत्तीर्ण. त्यामुळे स्टेप टूच्या आकड्यावर सगळ्यांची नजर. खबरदारी म्हणून नुसत्या मेडिसिनला किंवा नुसत्या बालरोगालाही अर्ज करता येतो, आणि मी तर म्हणेन, करावाच. फक्त निवेदन वेगळं लिहा. ‘मी जन्मापासून फक्त मुलांसाठीच’ असा मजकूर मेड-पीड्सवाल्यांच्या हाती पडला तर तुमचं तुम्ही निस्तरा.

मग पसंतीची यादी. इथे आपली मुलं फार हुशारी करायला जातात. मिळण्याची शक्यता जास्त तो कार्यक्रम वर, आवडता खाली. तसं करू नये. उमेदवार आणि रुग्णालयं दोघांच्या याद्या संगणक जुळवतो, आणि १९९८ पासून वापरात असलेली रीत उमेदवाराच्या बाजूने चालते. ती बसवणाऱ्या अल्विन रॉथ यांना लॉइड शॅप्ली यांच्यासोबत २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. वरच्या जागी नाही लागलं म्हणून खालच्या जागेवरचा तुमचा हक्क कमी होत नाही. मनात जो क्रम असेल तोच कागदावर लिहा. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात सोमवारी कळतं जागा मिळाली की नाही, आणि कुठे ते शुक्रवारी. मधले चार दिवस घरच्यांनी फार प्रश्न विचारू नयेत. आणि लागली ती जागा बंधनकारक असते. नंतर ‘दुसरीकडे बघतो’ चालत नाही.

हा क्रम ठरवायला मुलाखतच उपयोगी पडते. तिच्या शेवटी निवड समिती विचारते, तुम्हाला काही विचारायचंय का? बहुतेक मुलं सुट्ट्यांचं विचारतात. त्याऐवजी विचारा, इथून शिकून गेलेल्यांपैकी आज किती जण दोन्ही वयांचे रुग्ण बघतात. बरेच जण पुढे एकाच बाजूला स्थिरावतात; मोठ्या रुग्णालयांत नोकऱ्याच तशा असतात. आणि विचारा, बाह्यरुग्ण विभागात लहान-मोठे एकाच दालनात बघायला मिळतात, की दोन इमारतींत दोन वेगळे दिवस. दुसरं उत्तर आलं तर थोडं थांबून विचार करा.