सुंता केली म्हणजे सुटलो?

आमच्या बीरगांवात गोंदियाचा एक ट्रक ड्रायव्हर राहतो. परवा चहाच्या टपरीवर हळूच म्हणाला, "साहेब, सुंता केली की एड्स होत नाही म्हणे. मग निरोध कशाला?"

फौजेत शिकलो, असा प्रश्न हसण्यावारी नेला की माणूस पुन्हा विचारत नाही. म्हणून सांगितलं. पुण्यातल्या गुप्तरोग दवाखान्यांत २२९८ पुरुषांचा अभ्यास झाला, २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. सुंता झालेल्यांत एचआयव्ही बराच कमी. सिफिलिस, परमा यांत मात्र फरक नाही. आफ्रिकेतल्या चाचण्यांत पुरुषाचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी घटला, संपला नाही. आणि लागण आधीच झालेली असेल, तर बायकोला त्या सुंतेचा काय उपयोग?

तो गप्प. मग, "तपासणी कुठं होते, साहेब?"

"सरकारी दवाखान्यात. फुकट. चल, मी येतो."