ल्युपस आणि बी पेशींची स्मृती

(सिनेगॉगच्या सभागृहात दिलेले व्याख्यान, ध्वनिमुद्रणावरून शब्दांकन)



ल्युपस हा आजार आणि त्यातील बी पेशींचा वाटा, हा माझा आजचा विषय आहे. मी डॉक्टर नव्हे. नर्सिंगची पदविका घेऊन वॉर्डांत आयुष्य घालवलेली परिचारिका आहे. तरीही हा विषय मी मागून घेतला, कारण या आजारात आपल्या घरांतून दोन गोष्टी वारंवार घडताना दिसतात. मुलीला बरे वाटू लागले की गोळ्या बंद होतात, आणि तिच्या लग्नाची बोलणी निघाली की आजारच दडवला जातो. दोन्हींच्या मुळाशी समजूत एकच असते : त्रास थांबला म्हणजे आजार गेला. ही समजूत का टिकत नाही, हे बी पेशींची रीत कळली की आपोआप उलगडते.

रक्तातील पांढऱ्या पेशींपैकी ही एक जात. आपल्या शरीरात ती अस्थिमज्जेत जन्मते. पण तिच्या नावातला 'बी' आला तो कोंबडीकडून. पक्ष्यांच्या शेपटीपाशी 'बर्सा' नावाची एक छोटी पिशवी असते. अमेरिकेतील ओहायो येथे ब्रूस ग्लिक या तरुण संशोधकाने ती पिल्लांतून काढून टाकली होती. पुढे त्या कोंबड्यांना जंतू टोचले, तेव्हा त्यांच्या रक्तात प्रतिपिंडे तयारच होईनात. हा शोध १९५६ साली कुक्कुटपालनाच्या एका नियतकालिकात छापला गेला आणि बरीच वर्षे कोणाच्या फारसा लक्षात आला नाही.

प्रत्येक बी पेशी आपल्या अंगावर एकाच घडणीची खूण वागवते. त्या खुणेशी जुळणारा जंतू भेटला की ती झपाट्याने वाढते. तिच्या वंशातील काही पेशी प्लाझ्मा पेशी बनतात आणि रक्तात प्रतिपिंडे सोडतात. काही स्मृतिपेशी बनून वर्षानुवर्षे वाट पाहतात. लहानपणी गोवर येऊन गेलेल्याला सहसा पुन्हा गोवर येत नाही, तो या स्मृतीच्या आधारावर. ही स्मृती ईश्वराची मोठी देणगी आहे. ल्युपसमध्ये हीच स्मृती उलटते.

जर्मनीतील ज्यू वैद्य पॉल एर्लिख, ज्यांना १९०८ साली नोबेल पारितोषिक मिळाले, त्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी एक विचार मांडला होता : शरीराला स्वतःवरच विष उगारण्याची धास्ती असते. ही धास्ती शरीर कशी पाळते, ते पुढे कळले. नव्याने जन्मणाऱ्या बी पेशींच्या खुणा जणू फासे टाकून ठरतात, आणि त्यांतील अर्ध्याहून अधिक खुणा आपल्याच शरीराच्या घटकांशी जुळतात. म्हणून सुपात तांदूळ पाखडावेत तशी मज्जेत त्यांची पाखडणी होते. काही पेशी नष्ट केल्या जातात, काहींची खूण बदलली जाते, काहींना निपचित ठेवले जाते. तरीही थोडे खडे निसटतातच. ते तुमच्या आणि माझ्या रक्तातही आहेत. निरोगी माणसात ते गप्प असतात, इतकेच.

ल्युपसमध्ये ते जागे कसे होतात? शरीरात रोज असंख्य पेशी मरतात आणि त्यांचा केर तत्परतेने उचलला जातो. ल्युपसच्या रुग्णात ही झाडलोट अपुरी पडते आणि पेशीकेंद्रकातील डीएनए व आरएनए उघड्यावर येतात. ज्या बी पेशीची खूण त्यांच्याशी जुळते, ती त्यांना गिळते. पेशीच्या आत विषाणू ओळखणारे पहारेकरी असतात. त्यांतील एकाचे नाव टीएलआर-७. विषाणूचे आरएनए आणि आपले आरएनए यांत त्याची गफलत होते आणि तो इशारा देतो. टी पेशी मदतीला येतात, आणि थोड्याच काळात प्लाझ्मा पेशी आपल्याच डीएनएविरुद्ध प्रतिपिंडे सोडू लागतात. ती प्रतिपिंडे आणि ते डीएनए यांच्या गुठळ्या मूत्रपिंडाच्या बारीक गाळण्यांत अडकतात, तेथे दाह होतो आणि लघवीतून प्रथिने जाऊ लागतात. यात वेदना होत नाही. म्हणूनच हे सर्वांत धोक्याचे.

बी पेशी केवळ प्रतिपिंडांचा कारखाना आहे, असेही समजू नये. १९९९ साली ल्युपस होणाऱ्या उंदरांवर एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांच्या बी पेशी प्रतिपिंडे बाहेर सोडूच शकणार नाहीत, अशी तजवीज केली होती. तरीही त्यांच्या मूत्रपिंडांना दाह झाला. म्हणजे बी पेशी इतर पेशींनाही चिथावते.

ल्युपसच्या दर दहा रुग्णांत सुमारे नऊ स्त्रिया असतात, बहुतेक ऐन तारुण्यातल्या. याची सगळी कारणे अजून उलगडलेली नाहीत, परंतु टीएलआर-७ चे जनुक एक्स गुणसूत्रावर असते आणि स्त्रियांना ती गुणसूत्रे दोन असतात, हा एक धागा आहे. २०२२ साली स्पेनमधील एका मुलीच्या या जनुकात एकाच अक्षराचा बदल आढळला. तोच बदल उंदरांत घडवला, तेव्हा त्यांनाही ल्युपससारखा आजार झाला. बहुतेकींच्या बाबतीत मात्र अनेक जनुके, ऊन, संसर्ग असे पुष्कळ घटक एकत्र येतात. म्हणून आईने गरोदरपणी काय खाल्ले, मुलीला कोणाची दृष्ट लागली, हा शोध थांबवावा. त्यातून आईचे आणि मुलीचे मन मात्र दुखावते.

आता स्मृतीकडे वळते. अमेरिकी सैन्यात सैनिकांच्या रक्ताचे नमुने साठवलेले असतात. पुढे ल्युपस झालेल्या १३० जणांचे जुने नमुने तपासले गेले, आणि २००३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : ११५ जणांच्या रक्तात निदानाच्या आधीच अशी प्रतिपिंडे होती, काहींच्या तर ९ वर्षांहूनही आधी. बाहेर काही दिसत नसताना आत तयारी चालू होती. मात्र केवळ एएनए ही तपासणी पॉझिटिव्ह आली म्हणून घाबरू नये. ती अनेक निरोगी माणसांतही तशी येते. निदान डॉक्टर सर्व लक्षणे पाहून करतात.

औषधांची कहाणीही याच स्मृतीशी झगडण्याची आहे. १९५५ पासून वापरात असलेले हायड्रॉक्सिक्लोरोक्विन त्या आतल्या पहारेकऱ्यांना शांत करते. रिटुक्सिमॅब बी पेशी नष्ट करते. पण प्लाझ्मा पेशींच्या अंगावर त्याला हवी ती खूण नसल्याने त्या मज्जेत सुरक्षित राहतात. मोठ्या चाचण्यांत त्याने अपेक्षित यश दिले नाही, तरी कठीण प्रसंगी डॉक्टर ते वापरतात. बी पेशींना जगवणारा संदेश अडवणारे बेलिमुमॅब अमेरिकेत २०११ साली संमत झाले. अर्ध्या शतकाहून अधिक काळानंतर ल्युपससाठी आलेले ते पहिले नवे औषध.

सर्वांत नवी वाट कार-टी उपचाराची. रुग्णाच्याच टी पेशी बाहेर काढून त्यांना बी पेशी ओळखायला शिकवतात आणि परत सोडतात. ही कल्पना प्रथम साकारणाऱ्यांत रेहोवोत येथील वाइझमन संस्थेचे झेलिग एशहार अग्रणी होते; २०१५ साली त्यांना इस्राएल पुरस्कार मिळाला. ते काम कर्करोगासाठी होते. जर्मनीतील एरलांगेन येथील डॉक्टरांनी ते ल्युपससाठी वापरले आणि २०२४ साली आठ ल्युपस रुग्णांचा वृत्तांत दिला. आठही जणांचा आजार शमला. सुमारे चार महिन्यांनी बी पेशी परतल्या, त्या कोऱ्या. जुना राग विसरलेल्या. हा उपचार अजून संशोधनाधीन आहे, त्यात धोकेही आहेत, आणि आठ रुग्णांवरून सर्वांना आश्वासन देता येत नाही. पण जुनी स्मृती पुसली तर आजार ओसरू शकतो, एवढे त्यातून दिसले.

तोवर आपल्या हाती काय आहे? बरे वाटत असले तरी गोळ्या चालू ठेवाव्यात. स्टिरॉइड तर एकाएकी कधीच थांबवू नये. लघवी, रक्त आणि रक्तदाब यांची तपासणी ठरल्या दिवशी करावी, आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घेणाऱ्यांनी डोळेही नियमित तपासून घ्यावेत. या देशाचे ऊन कडक आहे. उन्हाने त्वचेच्या पेशी मरतात आणि तो केर बी पेशींपुढे येतो, म्हणून टोपी, लांब बाह्या आणि मलम यांना नखरे म्हणू नये. योम किप्पूरच्या उपासाबद्दल आधी डॉक्टरांना विचारावे, मग रब्बींना. पिकुआख नेफेश, म्हणजे जीव वाचवणे, हाही धर्मच आहे.

सासूबाईंना आणि होणाऱ्या जावयांना माझी विशेष विनंती आहे. ल्युपस असलेल्या पुष्कळ स्त्रियांना निरोगी बाळे होतात. पण गरोदरपण आजार शांत असताना, डॉक्टरांशी बोलून ठरवावे लागते. मायकोफिनोलेटसारखी औषधे आधीच बदलावी लागतात. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन सहसा चालू ठेवतात. काही स्त्रियांच्या रक्तातील रो-विरोधी प्रतिपिंडे वारेतून बाळापर्यंत पोहोचतात आणि शंभरातील एकदोन बाळांच्या हृदयाचे ठोके मंदावतात. अशा बाळाच्या हृदयावर पोटात असतानाच लक्ष ठेवता येते, पण घरच्यांपासून आजार लपवून सुनेने हे सारे कसे करावे? चोरून गोळी घेणारी मुलगी एक दिवस गोळी चुकवते.

म्हणून घरात ल्युपसचे नाव मोकळेपणाने घ्या. ज्या घरी मुलीला आपली गोळी जेवणाच्या टेबलावर, सर्वांसमोर घेता येते, तेथे अर्धी शुश्रूषा झालेलीच असते. प्रश्न असतील तर विचारा. मी बसलेली आहे.