कात्रणवही आता फोनमध्ये

(युवक-युवतींच्या कार्यशाळेत केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आपल्या आवडीच्या विषयाच्या बातम्या इंटरनेटवर कशा जमवायच्या आणि इतरांपर्यंत कशा पोहोचवायच्या, यावर मला बोलायला सांगितलं आहे. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, त्यामुळे ॲपची यादी वाचून दाखवीन असं तुम्हाला वाटत असेल. पण सुरुवात माझ्या एका चुकीपासून करतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या मोहल्ल्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी एक नोटीस पुढे पाठवली. शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत महिनाभर वाढली, असं तिच्यात होतं. नोटीस खोटी नव्हती. शिक्का होता, सही होती. फक्त ती आदल्या वर्षीची होती आणि तारीख मी पाहिलीच नव्हती. शेजारच्या खालांनी ती वाचली आणि मुलीचा उत्पन्नाचा दाखला सवडीने काढायचं ठरवलं. दाखला हातात आला तेव्हा अर्ज बंद होऊन आठ दिवस झाले होते. भिशीचे पैसे उचलून त्यांनी मुलीची फी भरली. माझ्यावर रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “तेरा मेसेज था ना बेटा, मैं बेफिकर हो गई.”

बातमीची शहानिशा करण्याबद्दल सूरह हुजुरातमध्ये काय सांगितलं आहे, ते मी लहानपणी मकतबात पाठ केलं होतं. अर्थ मात्र त्या दिवशी कळला.

मग मी विचार केला की माझ्याकडे बातम्या येतात तरी कुठून? दिवसभरात शे-दोनशे मेसेज येत होते, पण त्यांतली एकही बातमी मी शोधलेली नव्हती. कुणीतरी पाठवलेली होती किंवा व्हिडिओच्या ॲपने समोर आणून ठेवलेली होती. त्या ॲपला एवढंच कळतं की आपण कशावर थांबतो. आपण रागाने थांबतो, भीतीने थांबतो. म्हणून सकाळी फोन उघडला की कुणाला कुठे मारहाण झाली आणि कोणता नेता आपल्याबद्दल काय बोलला, हेच पहिलं दिसतं. त्या घटना खऱ्याही असतात, त्यांच्याकडे पाठ फिरवा असं मी म्हणणार नाही. पण त्या गदारोळात धाकट्या बहिणीच्या अर्जाची शेवटची तारीख वाहून जाते. तिच्यावर कुणी रागाने थांबत नाही ना!

माझे अब्बा कात्रणवही ठेवायचे. ब्लेडने बातमी कापायची, खळीने वहीत चिकटवायची आणि वर वर्तमानपत्राचं नाव आणि तारीख लिहायची. विषय त्यांनी स्वतः निवडलेला असायचा. विषय, स्रोत आणि तारीख, या तीन गोष्टी सांभाळल्या की कात्रणवही होते. आजची साधनं वेगळं काही करत नाहीत, फक्त कापण्याचं काम करतात.

पहिलं साधन गुगल अलर्ट्स. फुकट आहे, ईमेलचा पत्ता पुरतो. तुम्ही शब्द द्यायचे. ते शब्द असलेलं नवं पान गुगलला सापडलं की ईमेल येतो. रोज एकदा किंवा आठवड्यातून एकदा, हे आपण ठरवायचं. सगळी कसोटी शब्द निवडण्यात आहे. नुसतं ‘मुस्लिम’ लिहाल, तर पुन्हा तीच भांडणं घरपोच येतील. विषय अरुंद करा. दोन-तीन शब्द मिळून एक नाव होत असेल तर ते अवतरण चिन्हांत टाका. नको असलेल्या शब्दाच्या आधी वजाचं चिन्ह लावा.

आपल्याला एक फायदा आहे. आपण घरात एक भाषा बोलतो, शाळेत दुसरी शिकतो, बातम्या तिसरीत ऐकतो. तो वापरा. मराठीत ‘पोटगी’, हिंदीत ‘गुजारा भत्ता’, उर्दूत ‘नान-नफका’ आणि इंग्रजीत ‘मेंटेनन्स’. चार अलर्ट चार लिपी-भाषांत लावले की एकाच विषयाच्या चार खिडक्या उघडतात. ‘वक्फ’ तर इंग्रजीतसुद्धा दोन स्पेलिंगांनी लिहितात. एकच लावलं तर अर्ध्या बातम्या निसटतात.

दुसरं साधन फीड रीडर. अनेक वृत्तसंस्थांची संकेतस्थळं आरएसएस नावाच्या रचनेत आपल्या नव्या मजकुराची यादी देतात. फीडली किंवा इनोरीडरसारख्या ॲपमध्ये त्या फीड जोडल्या की सगळ्यांचे मथळे एका जागी, तारखेच्या क्रमाने दिसतात. क्रम तारखेचा असतो, रागाचा नसतो. गुगल अलर्टसुद्धा ईमेलऐवजी फीड म्हणून घेता येतो.

आता विषय धरून जमवल्याने काय होतं, ते पोटगीच्याच उदाहरणाने पाहू. १० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की घटस्फोटित मुस्लिम स्त्रीला फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली पोटगी मागता येते. आमच्या ग्रुपवर कुणी म्हणालं, हा शरियतवर अचानक झालेला हल्ला. कुणी म्हणालं, आपल्या बायकांना पहिल्यांदाच न्याय मिळाला. माझ्या जमवलेल्या यादीत मात्र एक साखळी होती. २३ एप्रिल १९८५, शाहबानो निकाल. १९८६, त्यानंतर संसदेने केलेला कायदा. २००१, त्या कायद्याचा स्त्रीच्या बाजूने अर्थ लावणारा डॅनियल लतिफी निकाल. मग २०२४. ही साखळी ग्रुपवर टाकली, तेव्हा निदान वाद तरी माहितीवर सुरू झाला. सुटी बातमी आपल्याला चमकवते किंवा घाबरवते. ओळीने लावलेली बातमी काहीतरी समजावते.

यातच एक गंमत. १ जुलै २०२४ पासून नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि पोटगीचं कलम १२५ तिथे १४४ झालं. मी हुशारीने ‘कलम १४४’ असा अलर्ट लावला, तर जमावबंदीच्या बातम्यांचा ढीग आला, कारण जुन्या संहितेत १४४ म्हणजे जमावबंदी! म्हणून सोबत ‘पोटगी’ हा शब्द हवाच. अलर्ट एकदा लावून विसरायची वस्तू नाही, अधूनमधून त्याची मशागत करावी लागते.

सगळं काही अलर्टमध्ये सापडत नाही, हेही लक्षात ठेवा. शिष्यवृत्तीच्या तारखा पोर्टलवरच बदलतात. त्यासाठी फोनच्या कॅलेंडरमध्ये दर सोमवारी ‘पोर्टल बघ’ अशी आठवण लावा. राज्य सरकारचा शासन निर्णय असेल, तर त्यावर क्रमांक, तारीख आणि संकेतांक छापलेला असतो. सरकारच्या संकेतस्थळावर तो शोधून पाहायला फार वेळ लागत नाही. केंद्राची अल्पसंख्याक मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती २०२२-२३ पासून नववी-दहावीपुरतीच ठेवली गेली. म्हणजे पहिलीपासूनच्या मुलांसाठी अर्ज मागवणारा मेसेज आला, तर तो जुना असल्याची शंका लगेच यायला हवी.

आता वाटण्याबद्दल. फॉरवर्डवर दोन बाण दिसले, तर तो मेसेज निदान पाच हातांतून फिरून आला आहे. त्यातल्या एकानेही तपासला असेल याची खात्री नाही. आमच्या कामात एक नियम असतो. कितीही मोठा इंजिनिअर असो, त्याने लिहिलेला कोड दुसऱ्याने वाचल्याशिवाय पुढे जात नाही. तोच नियम आम्ही मोहल्ल्यात लावला. आम्ही तिघं आहोत, मी, एक बी.एड. करणारी मुलगी आणि एक झेरॉक्सचं दुकान चालवणारा मित्र. गुगल शीटमध्ये पाच रकाने आहेत. तारीख, बातमी, मूळ दुवा, कुणाच्या कामाची, आणि कुणी तपासली. शेवटचा रकाना रिकामा असेल तर बातमी जात नाही, आणि जमवणाऱ्याने स्वतःच तपासलेली चालत नाही.

रविवारी संध्याकाळी एकच मेसेज जातो. जास्तीत जास्त पाच बातम्या. आपल्या शब्दांत दोन ओळी आणि मूळ दुवा. वर्तमानपत्राची अख्खी पीडीएफ आम्ही फिरवत नाही, ती त्यांची मेहनत आहे. अर्जदारांची नावं किंवा आधार क्रमांक शीटमध्ये ठेवत नाही. आणि चूक झाली, तर त्याच ग्रुपवर, आपल्या नावानिशी दुरुस्ती टाकतो. गुपचूप मेसेज पुसत नाही. दोनदा असं करावं लागलं आहे. लाज वाटते, पण पुढच्या रविवारी लोक अधिक विश्वासाने वाचतात.

एक सावधगिरी. कोणत्याही एका ॲपवर विसंबू नका. गुगल रीडर हे फीड वाचण्याचं लोकप्रिय साधन गुगलने १ जुलै २०१३ रोजी बंद केलं. फीडची यादी ओपीएमएल नावाच्या फाइलमध्ये उतरवून घेता येते, ती दर काही महिन्यांनी उतरवा. महत्त्वाचं पान इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये जतन करा. संकेतस्थळावरून पान गायब झालं तरी पुरावा राहतो.

आणि शेवटी, विषय निवडताना मन मोठं ठेवा. आपण फक्त ‘मुस्लिम प्रश्नां’चे वाचक नाही. माझ्या फीडमध्ये इस्रोही आहे. तुमच्यात कुणी भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागांचा विषय घेईल, कुणी कोकणातल्या मासेमारीचा, कुणी महिला क्रिकेटचा. आपल्याबद्दल दुसऱ्यांनी ठरवलेल्या बातम्याच आपण वाचत बसलो, तर आपणही स्वतःला तेवढंच समजू लागू.

खालांची ती मुलगी आता नोकरी करते. आमच्या तिघांतली बी.एड.वाली म्हणजे तिची धाकटी बहीण. शेवटच्या रकान्यात सगळ्यांत जास्त वेळा तिचंच नाव असतं, आणि माझ्या बातम्या ती जरा जास्तच कडक तपासते.

आता चहाची सुट्टी आहे. चहा येईपर्यंत एक विषय ठरवा, एक अलर्ट लावा आणि तुमची बातमी कोण तपासणार, ते शेजारी बसलेल्याला विचारा.