इंग्रजीतील तरतमभाव आणि आपली मुले



वसंतातल्या अशा सायंकाळी इंग्रजी व्याकरणाचा विषय घेऊन उभे राहणे अरसिकपणाचे आहे, याची आम्हांला जाणीव आहे. तथापि ज्या घरात इंग्रजी शिकणारे मूल आहे, त्या घराला हा विषय परका नाही. 'गुड, बेटर, बेस्ट' हा पाठ त्या मुलाला झोपेतून उठवून विचारला तरी येतो. तेच मूल पुढे नोकरीच्या मुलाखतीला जाते, 'धिस इज मोर बेटर' असे म्हणून बसते, आणि समोरची मंडळी गालातल्या गालात हसतात. त्या हसण्याने मिटलेले तोंड पुष्कळदा वर्षानुवर्षे मिटलेलेच राहते. आमचे म्हणणे एवढेच की, ही चूक मठ्ठपणाची नव्हे. तिचे मूळ आपल्या मराठीच्या घडणीत आहे, आणि ते मूळ न पाहता करविलेला सराव फुकट जातो.

मराठीत तुलनेचा भार विशेषणावर पडतच नाही. 'रामापेक्षा गोविंद उंच आहे' या वाक्यात 'उंच' हा शब्द जसाच्या तसा राहिला. जे काही व्हायचे ते रामाला झाले. 'पेक्षा' हे मुळात संस्कृतातील 'अपेक्षा'. रामाच्या अपेक्षेने पाहू जाता गोविंद उंच, असा त्याचा भाव. इंग्रजीत सारे उलटे. तेथे गोविंद आधी येतो, 'टॉल'चा 'टॉलर' होतो, आणि मग 'दॅन' घालून रामाला शेवटी बोलावतात. आता मराठीत आपण जोर देण्यासाठी 'अधिक चांगला' असेही म्हणतो. मूल त्या 'अधिक'चे 'मोर' करते, आणि तेवढ्यात पाठ केलेला तक्ता आठवून 'गुड'च्या जागी 'बेटर' ठेवते. झाले 'मोर बेटर'! दोन्ही भाषांशी इमान राखण्याच्या धडपडीतून ही चूक जन्मते.

गंमत अशी की, विशेषणाला प्रत्यय लावण्याची रीत आपल्या पूर्वजांना चांगली ठाऊक होती. 'तर' आणि 'तम' हे प्रत्यय तर आपल्या 'तारतम्य' या शब्दातच बसले आहेत. त्यांच्या जोडीला संस्कृतात 'ईयस्' आणि 'इष्ठ' अशी दुसरी जोडी होती. 'ज्येष्ठ', 'कनिष्ठ', 'श्रेष्ठ' हे शब्द तिच्यातलेच. हा 'इष्ठ' आणि इंग्रजीचा 'एस्ट' हे एकाच मूळ प्रत्ययाचे वंशज आहेत, असे भाषाशास्त्र सांगते. 'स्वादिष्ठ' आणि 'स्वीटेस्ट' हे तर अक्षरशः भाऊबंद. जे मूल 'कनिष्ठ' हा शब्द सहज बोलते, त्याला 'स्मॉलेस्ट' परका वाटण्याचे कारण नाही. कोणी हे नाते दाखवून दिले पाहिजे इतकेच.

आणि हसणाऱ्यांसाठीही दोन शब्द. 'श्रेष्ठ' म्हणजेच सर्वांत उत्तम. तरी आपण 'सर्वश्रेष्ठ' म्हणतो, 'श्रेष्ठतम'ही म्हणतो. शेक्सपियरने 'ज्युलियस सीझर'मध्ये अँटनीच्या तोंडी असाच दुहेरी तमभाव घातला आहे. पुढे 1762 साली रॉबर्ट लौथ यांनी आपल्या व्याकरणात ही दुहेरी रूपे अशुद्ध ठरविली. आज ती चूकच आहे आणि मुलांनी ती टाळलीच पाहिजे, परंतु शेक्सपियरच्या पंगतीला बसणाऱ्याला हसताना थोडे जपावे!

आता सराव. नियम फारसा अवघड नाही. आखूड शब्दाला 'अर', लांब शब्दाआधी 'मोर', आणि 'हॅपी'सारख्या शब्दातल्या अंत्य 'वाय'चा 'आय' करून 'हॅपियर'. पाच मिनिटांचे काम. वेळ द्यायचा तो वाक्यांना. स्वयंपाकघरातून दोन वांगी आणावीत आणि मुलापुढे ठेवावीत. 'हे त्याच्यापेक्षा मोठे', लगेच उलट 'ते ह्याच्यापेक्षा लहान', आणि मग 'ते ह्याच्याइतके मोठे नाही'. तिन्ही वाक्ये इंग्रजीत आणि मोठ्याने. तिसरे वांगे ठेवले की 'बिगेस्ट' येतो. त्याच्याआधी 'द' हवाच, कारण तो मराठीत नसल्यामुळे हमखास गळतो. मात्र तुलनेसाठी मुले उभी करू नयेत. वर्गात एकाला 'डलर' आणि दुसऱ्याला 'क्लेव्हरर' ठरवून शिकविलेले व्याकरण त्या पहिल्याच्या काळजात रुतून बसते. वांग्यांना त्याचे काही वाटत नाही.

क्रियाविशेषणांत आपली अडचण निराळी. 'ती चांगली गाते' यातला 'चांगली' हा शब्द गाण्याबद्दल असूनही गाणारीच्या लिंगाप्रमाणे चालतो. त्यामुळे विशेषण कोठे संपले हे मराठी मुलाला कळत नाही, आणि ते 'शी सिंग्ज गुड' म्हणते. हवे असते 'वेल'. पण तुलना आली की दोघांचेही 'बेटर'च होते आणि मूल सुटते. 'क्विकली'ला मात्र 'मोर' लागतो. 'फास्ट' आणि 'हार्ड' यांना 'ली' लावण्याचा मोह टाळावा. 'ही वर्क्स हार्डली' म्हटले, तर तो जेमतेम काम करतो असा अर्थ होतो. कष्टाळू माणसाला हे शिफारसपत्र महागात पडेल.

एक अडचण मोठ्यांचीही. 'पुण्याची हवा मुंबईपेक्षा थंड' हे मराठीत निर्दोष. इंग्रजीत तसेच म्हटले तर हवेची तुलना शहराशी होते. म्हणून 'दॅन दॅट ऑफ मुंबई' म्हणावे लागते. तसेच 'रामापेक्षा मी गोविंदाला जास्त ओळखतो' या वाक्यात राम ओळखणारा की ओळखला जाणारा, हे मराठी सांगत नाही. इंग्रजीत मात्र 'दॅन राम डज' किंवा 'दॅन आय नो राम' असे निवडावे लागते. मुलाकडून ही दोन्ही वाक्ये करून घ्यावीत, आणि कोणत्या वाक्यात कोण कोणाला ओळखतो, हे त्याने मराठीत सांगेपर्यंत पुढच्या पाठाकडे वळू नये.