गेटच्या आत, गेटच्या बाहेर



भोसरी-मोशीकडून संध्याकाळी सातला चिंचवडमध्ये पोचायचं म्हणजे काय दिव्य असतं ते मला ठाऊक आहे, त्यामुळे वेळेवर आलेल्यांचे आधी आभार. बाहेर पदपथावर ज्या दुचाक्या लागल्यात त्या कुणाच्या, हे मात्र मी विचारणार नाही. (हशा)

मला विषय दिलाय तो वाहतूक आणि नागरी जाणिवेचा. या विषयावर उभा राहिलेला वक्ता पाच मिनिटांत जपानला पोचतो आणि ‘आपल्या लोकांना शिस्तच नाही’ म्हणून टाळ्या घेतो. मला ते पटत नाही. माझी नोकरी एका वाहन कंपनीच्या स्टोअर्समध्ये झाली, आधी पिंपरीत, मग चाकणला. ज्यांना बेशिस्त म्हणतात ती माणसं मी रोज आठ तास शिस्तीत वागताना पाहिली आहेत.

पहिल्या पाळीचं गेट डोळ्यांसमोर आणा. गेटच्या थोडं अलीकडे दुचाकी थांबते. कोपरात अडकवलेलं हेल्मेट डोक्यावर चढतं, पट्टासुद्धा लागतो, कारण त्याशिवाय सिक्युरिटी आत सोडत नाही. आत गेल्यावर हाच गडी पिवळ्या पट्ट्यांमधून चालतो आणि फोर्कलिफ्ट दिसली की थांबतो. दुपारी पाळी सुटली की तोच बाहेर येऊन रॉंग साइडने सुटतो, कारण दुभाजकाचं पंक्चर बरंच पुढे आहे आणि घर मागे आहे. आठ तासांत त्याचे संस्कार बिघडले काय? आत चुकलं तर सुपरवायझर आजच्या आज नावानं हाक मारतो. बाहेर चुकलं तर बहुतेक वेळा काहीच होत नाही. झालंच तर मोबाइलवर चलान येतं, आणि लोकअदालतीत कमी करून मिळेल म्हणून तो निवांत राहतो.

कायदा कमी पडतो असंही नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने विरुद्ध दिशेने गाडी हाकणं स्पष्टपणे धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये घातलं आहे. पहिल्याच वेळेला सहा महिने ते वर्षभर कैद, किंवा एक ते पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. आता मला सांगा, पाळी सुटताना एका चौकात जेवढे रॉंग साइडवाले दिसतात, तेवढ्यांना आत टाकायचं तर येरवड्याला दुसरा मजला चढवावा लागेल.

रस्ता रुंद करा, हे दुसरं ठरलेलं औषध. दापोडी ते निगडी आपला जुना मुंबई रस्ता ६१ मीटर रुंद आहे. ग्रेड सेपरेटर आहेत, सर्व्हिस रोड आहेत, बीआरटीची मार्गिका आहे आणि २०२२ पासून पिंपरीपर्यंत मेट्रोही धावते. तरी सर्व्हिस रोडवर समोरून येणारा तुम्हाला रोज भेटतोच. रुंदी हवी, पण तिच्यावर किती भार टाकायचा?

हिंजवडीत जे झालं ते मला जास्त शिकवणारं वाटतं. १५ ऑगस्ट २०१८ ला पिंपरी-चिंचवडचं पोलीस आयुक्तालय सुरू झालं आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत शिवाजी चौकात चक्राकार वाहतूक लावली. चौक आडवा कापायची सोयच काढून घेतली. वळसा पडला, पण गाड्या हलत्या राहिल्या. आयटीवाल्यांना तेव्हा कुणी नागरिकशास्त्राचा तास दिला नव्हता.

आता चाकण. आपल्याकडे निगडी-आकुर्डीत १९७२ साली नवनगर विकास प्राधिकरण आलं, सेक्टर आखले गेले, रस्ते आधी आणि घरं नंतर. चाकणला उलटं घडलं. फोक्सवॅगन, मर्सिडीज २००९ च्या सुमारास उभ्या राहिल्या, नियोजन करणारी पीएमआरडीए आली २०१५ मध्ये. एमआयडीसीच्या आतले रस्ते झाले, पण बाहेर पडायला तेच दोन: पुणे-नाशिक आणि तळेगाव-शिक्रापूर. शनिवारी त्यावर कांद्याचे ट्रॅक्टर आणि जनावरांच्या बाजाराचे टेम्पोही आलेच. १६६० मध्ये चाकणच्याच संग्रामदुर्गावर फिरंगोजी नरसाळ्यांनी शाहिस्तेखानाला दोनेक महिने झुंजवलं. आज खान किल्ल्यापर्यंत पोचलाच नसता.

तळेगाव चौकात एकदा बाजूला उभं राहून बघा. पुण्याकडून आलेल्या लांब ट्रेलरला तळेगावकडे डावीकडे वळायचंय. त्याला आधी उजवीकडे झुकावं लागतं, नाहीतर मागची चाकं कोपऱ्यावर चढतात. तो झुकला की डावीकडे जागा मोकळी होते आणि तेवढ्यात पाच-सहा दुचाक्या, एक रिक्षा आणि एक चकचकीत एसयूव्ही तिथे घुसते. ट्रेलर अर्धवट वळलेला अडकतो. क्लीनर खाली उतरतो, बॉडीवर थापा मारत ‘रुको, रुको’ ओरडतो. मागे सगळे हॉर्न धरून बसतात आणि शिव्या खातो ट्रेलरवाला. माझ्या मते त्या चौकात सर्वांत शिस्तीचा तोच असतो, कारण चाळीस फुटांचं धूड घेऊन कट मारता येत नाही. एसयूव्हीवाल्याला मी दुचाकीवाल्याइतकं सहज सोडणार नाही. त्याला एसीत बसून चार मिनिटं थांबता येत होतं.

पण हे ट्रेलर रस्त्याच्या कडेला दोन-दोन दिवस उभे का असतात, हे मी आतून पाहिलंय. जस्ट-इन-टाइम म्हणजे माल लागेल तेव्हाच, लागेल तेवढाच. टोयोटाची ही पद्धत आम्ही मोठ्या अभिमानाने आणली. गोदाम लहान झालं, साठ्यात अडकलेला पैसा मोकळा झाला, वार्षिक अहवालात ते छान दिसलं. मग साठा गेला कुठे? गेटबाहेर, चाकांवर. या पद्धतीमुळे रस्ते तुंबतात अशी ओरड १९९० च्या सुमारास खुद्द जपानमध्ये झाली होती. (गेलो शेवटी जपानला!) आमचा ड्रायव्हर राजस्थानातून, हरियाणातून येतो, उशीर झाला तर पैसे कापतात म्हणून आदल्या दिवशीच पोचतो. आत घ्यायची वेळ उद्याची. मग तो खराबवाडी-महाळुंगेच्या कडेला गाडी लावतो, ट्रेलरखाली स्टोव्ह पेटवतो, डाळ शिजवतो. आंघोळीला नळ नाही, संडास नाही. त्याच्या गाडीमुळे रस्त्याची एक लेन गेलेली असते, आणि आपण काच खाली करून त्याची अक्कल काढतो.

ऑगस्ट २०२५ मध्ये तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार भल्या सकाळी चाकणचे चौक बघायला आले होते. बरं झालं. महामार्ग एकाचा, एमआयडीसीचे रस्ते दुसऱ्याचे, गावातले नगरपरिषदेचे, नियमन पोलिसांचं, तेव्हा सगळ्यांना एकत्र उभं करायला कुणीतरी लागतंच. पण एक काम असं आहे ज्याला मंत्री लागत नाही. आमच्या पर्चेस ऑर्डरमध्ये मालाची जात असते, पॅकिंग असतं, डिलिव्हरीची तारीख असते, दंडाचं कलम असतं. आलेली गाडी आत घेईपर्यंत कुठे उभी राहील, हे मात्र मी हाताळलेल्या एकाही ऑर्डरमध्ये नव्हतं. कंपनीने आपल्याच आवारात किंवा चार कंपन्यांनी मिळून घेतलेल्या प्लॉटवर तिला जागा द्यायची, नळ आणि संडासासकट, आणि ते ऑर्डरमध्ये लिहायचं. खर्च किती येतो, याचा हिशेब मी कागदावर मांडून आणलाय. सभागृहात पर्चेसमधले काही चेहरे ओळखीचे दिसतायत. त्यांनी चहाच्या वेळी मला गाठावं.